लाल दिव्यावर आळ

अभय ओव्हाळ तसा वाईट माणूस नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला त्याच्या दोन कानशिलात द्याव्याशा वाटतील. द्या, माझी हरकत नाही. त्याचीही नसेल.

हिंजवडीच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि धानोरीत राहायचा. साल दोन हजार सात. सगळं पुणं तेव्हा खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे घेऊन फटाफट फोटो काढत सुटलं होतं, आणि हा शहाणा रविवारी सकाळी लाकडी, भात्याचा, तीन पायांवर उभा राहणारा कॅमेरा खांद्यावर टाकून निघायचा. त्या कॅमेऱ्यात रीळ नसतं. पोस्टकार्डाएवढी एकेक सुटी फिल्म अंधारात होल्डरमध्ये भरायची, डोक्यावर काळं कापड घेऊन दहा-दहा मिनिटं नेम धरायचा आणि एकदाच खटका दाबायचा. एका रविवारात चार फोटो झाले तरी स्वारी खूश.

फिल्म धुवायला त्याची डार्करूम होती, घरातच. फ्लॅटमधलं दुसरं बाथरूम म्हणजे त्याची डार्करूम. पण वडिलांच्या, म्हणजे तात्यारावांच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, ते आणि आई कायमचे राहायला आले, आणि बाथरूमला पुन्हा बाथरूम व्हावं लागलं. यात कुणाचा दोष नाही. तात्याराव मात्र रोज टॉवेल खांद्यावर टाकून विचारायचे, "जाऊ का आत? तुझं काही धुवायचं नाही ना?"

तेव्हापासून सगळा खेळ दुसऱ्याच्या अंधारावर चालू होता. घरी बाह्या शिवलेली एक काळी पिशवी होती. तीत हात घालून चाचपडत फिल्म होल्डरमधून काढायच्या, काळ्या पाकिटात सरकवायच्या, पाकीट खोक्यात, खोक्याला चिकटपट्टी, आणि ते खोकं सदाशिव पेठेत शरच्चंद्र लिमयांकडे पोचवायचं. नियम एकच. फिल्म धुवून होईपर्यंत खोकं उजेडात उघडायचं नाही, डोळ्याचं पातं लवेपर्यंतसुद्धा नाही. उघडलं की फिल्मवर जे असेल ते गेलं. ब्रह्मदेव आला तरी परत मिळणार नाही. हे ऐकवून अभयनं ज्याला पिडलं नाही असा माणूस त्याच्या ओळखीत नव्हता.

शरच्चंद्रकाका शहात्तर वर्षांचे. स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता, पण मागची डार्करूम त्यांनी जपली होती. अभयसारखे पाच-सहा खुळे शहरात अजून उरले होते, त्यांच्या फिल्म काका धुवून द्यायचे. आत एकटेच जायचे, अनवाणी. घड्याळ नाही. अंधारात हात चालू आणि तोंडानं पाढे चालू. एकोणतीसचा पाढा एकदा झाला की पंधरा सेकंद, असं त्यांचं माप होतं. बाहेर सरोजिनीकाकूंना पाढ्यांवरूनच कळायचं की आता चहाचं आधण ठेवायचं.

आणि उपकारांचं म्हणाल तर तात्याराव-हिराबाईंच्या लग्नाचा एकुलता एक फोटो काकांनीच काढलेला होता. सदुसष्ट साली, दोघं पांढऱ्या कपड्यांत, मागे बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्या फोटोत आईच्या हातातल्या बांगड्या मोजता येतात. तो बघूनच अभयला हे वेड लागलं आणि कॉलेजात असताना तो काकांच्या दारात जाऊन उभा राहिला. काकांनी त्याला सगळं शिकवलं.

अशा या माणसाकडे स्वतःच्या बायकोचा फोटो नव्हता. लग्नात काढलेले होते ते पानशेतच्या पुरात स्टुडिओबरोबर गेले. त्यानंतर काकू कॅमेऱ्यासमोर म्हणून बसल्या नाहीत. "गेला तो चेहरा चांगला होता. आता हा कशाला काढताय?" एवढंच म्हणायच्या. नात्यातल्या कुणाच्या मुंजीचा ग्रुप फोटो धुंडाळला तर शेवटच्या रांगेत त्यांचा अर्धा कान सापडायचा. काकांचं विनवून झालं, रुसून झालं. शेवटी ते अभयला म्हणाले, "तू विचार. नवऱ्याचं ऐकण्याची तिला सवय नाही."

काकूंच्या काय मनात आलं कुणास ठाऊक, हो म्हणाल्या. अट घातली की नवरा समोर नको. "हनुवटी खाली, मान वर, असं ह्यांनी सुरू केलं की मला हसू आवरत नाही."

ऑगस्टमधल्या एका रविवारी खिडकीशी खुर्ची ठेवून अभयनं त्यांचे चार फोटो काढले. तिसऱ्या वेळी काकांना राहवलं नाही, ते दाराआडून डोकावले. काकूंनी ते बघितलं आणि हसू दाबायला गेल्या, आणि नेमका तेव्हाच खटका दाबला गेला. "काका, हा जमलाय," अभय तिथल्या तिथं म्हणाला. काकांनी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले. "धुणार मी. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये," ते म्हणाले.

मंगळवारी अभय ते खोकं बॅगेत टाकून ऑफिसला निघाला. संध्याकाळी परस्पर सदाशिव पेठेत जायचं, असा बेत. घरी डार्करूम असती तर खोकं उंबऱ्याबाहेर पडलंच नसतं, असं पुढं त्यानं स्वतःला हजारदा ऐकवलं. ऐकवू दे. आपण ऐकून घ्यायचं कारण नाही.

त्या आठवड्यात कंपनीच्या गेटवर तपासणी कडक केलेली. बॅगेतली प्रत्येक डबी उघडून बघायचा हुकूम होता. पाळीवर कोंडीराम होता, जवळच्याच गावचा, साठीला टेकलेला, सरळ माणूस. त्यानं खोकं बाहेर काढलं.

"ह्यात काय हाय, साहेब?"

"फोटोची फिल्म आहे. ती उजेडात उघडायची नसते."

"मंग हितं जमा करा. पावती घ्या, सांच्याला जाताना न्या. न्हाईतर उघडून दावा. वरून तसंच सांगितलंय."

आता बघा, मार्ग होता की नाही? सरळ, फुकटचा मार्ग होता. पण जमा करायच्या खिडकीपुढं आठ माणसं उभी होती आणि नऊला आठ मिनिटं कमी होती. नऊला मेलबर्नच्या क्लायंटचा फोन. त्या प्रोजेक्टवर दोन वर्षं मेलबर्नला कुणाला पाठवायचं ते त्याच आठवड्यात ठरणार होतं, आणि वरिष्ठांनी आदल्या दिवशी बजावलं होतं की एक मिनिटही उशीर चालायचा नाही. अभयनं खिडकीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"बघा," तो म्हणाला. "पण लवकर बघा."

आणि मान फिरवून उभा राहिला. चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला. काळं पाकीट उघडल्याचा आला. ट्यूबलाइटच्या खाली कोंडीरामनं चारही फिल्म काढून पुढून-मागून नीट बघितल्या.

"ह्ये तर कोरंच हाय, साहेब. जावा."

अभय फोनवर छान बोलला म्हणे. मेलबर्नला पुढं केदार नावाचा त्याचा सहकारी गेला.

संध्याकाळी विद्यापीठ चौकातल्या गर्दीत स्कूटरवर अडकून पडला असताना त्यानं वाक्य तयार केलं: काका, माझ्याकडून फार मोठी चूक झाली. दहा वेळा मनात घोकलं. मधेच वाटे, खालच्या दोन फिल्म कदाचित वाचल्या असतील. खोटं बोलणाऱ्याला आशा फार लवकर फुटते.

दार उघडंच होतं. काका इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. दुपारपासून नवी रसायनं कालवून, गाळून, थंड करत ठेवली होती. काकूंनी थालीपिठाचं पीठ मळलं होतं. "ये बाबा," त्या म्हणाल्या, "आज माझं तोंड धुवायचा सोहळा आहे. सकाळपासून मला आतल्या खोलीत पाऊल टाकू दिलेलं नाही."

अभयनं तोंड उघडलं. काकांनी हात पुढं केला. आणि त्यानं वाक्य गिळून खोकं त्या हातावर ठेवलं.

काका चपला काढून आत गेले, दार लागलं, पाढा सुरू झाला. एकोणतीस एके एकोणतीस. काकू तव्यावर थालीपीठ थापत होत्या. "आज आवाज बघ कसा लागलाय," त्या म्हणाल्या. पाढे चालू राहिले, मग थांबले. एरवी थांबले की दोन मिनिटांत दार उघडायचं. आज उघडलं नाही. काकूंनी गॅस बारीक केला.

काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातांतून पाणी ठिबकत होतं, ते पुसायचं भान नव्हतं. हातात चार निगेटिव्ह होत्या, चारही कोळशासारख्या काळ्या. कडेपर्यंत काळ्या. उजेड लागलेली फिल्म धुतली की अशीच होते.

"अभय, माझ्या हातून घात झाला रे."

त्यांचं म्हणणं असं. जुन्या काळी ज्या फिल्म यायच्या त्यांना लाल दिवा चालायचा. आताच्या फिल्मला तो चालत नाही, ठार अंधार लागतो. पण चाळीस वर्षांची सवय, दार लावलं की हात आपोआप वर दिव्याच्या दोरीकडे जातो. "ओढली असणार मी दोरी. आनंदात होतो ना, ओढली असणार. लक्षात आल्यावर दिवा बंद केला असेल. काही म्हणजे काही आठवत नाही बघ."

हीच ती वेळ होती. दोन शब्दांचं काम होतं. अभय म्हणाला, "असू दे हो काका. पुन्हा काढू."

काकू हसल्या. मोठ्यानं हसल्या. "एकोणपन्नास वर्षांनी बायको हाती लागली, तीही जाळून टाकली! धन्य आहे तुमची!" काकाही कसनुसं हसले. थालीपीठ करपल्याचा वास सुटला होता.

पुढचे पाच-सहा आठवडे काकूंनी ही गोष्ट आल्यागेल्याला रंगवून सांगितली. पुन्हा बसा म्हटलं की म्हणायच्या, "दिवाळी होऊ द्या. तोवर ह्यांच्या हाताची आणि दोरीची ओळख मोडू द्या." अभय आला की मान खाली घालून चहा प्यायचा आणि निघायचा. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून यायचा. प्रत्येक वेळी मूग गिळून परत. दिवाळीनंतर नवा फोटो निघेल, मग ह्या गोष्टीला किंमत उरणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

एकदा काकू त्याला पोचवायला जिन्यापर्यंत आल्या. हसत नव्हत्या.

"अभय, यांच्याकडे जरा लक्ष ठेवत जा. मी वर वर थट्टा करते. पण दिवा लावलेला माणसाला आठवू नये, हे काही बरं लक्षण नाही. त्यांच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. हल्ली गॅस मी दोनदा बघते. मी पुढं गेले तर यांचं कसं व्हायचं, याच विचारानं झोप लागत नाही मला."

"काकू, तसं काही नाहीये," अभय म्हणाला.

"तुला काय माहीत?"

त्याला सगळं माहीत होतं. तो जिना उतरून खाली आला आणि स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभा राहिला. लाज वाटली त्याला स्वतःची. पण लाज वाटून उपयोग काय, वर जायला हवं होतं. तो घरी गेला.

नवरात्रात एका दुपारी काकू भाजी निवडता निवडता गेल्या. डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं.

चौदाव्याला अभय गेला तेव्हा पाटावर काकूंचा फोटो होता. मतदार ओळखपत्रावरचा. कुणा भाच्यानं तो कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडून मोठा करून आणला होता. डोळे अर्धवट मिटलेले, गाल पसरलेले, नाकाच्या जागी नुसते चौकोन, मागं निळा रंग भरलेला. शेजारची एक बाई कुजबुजली, "फोटोग्राफरची बायको, आणि हा फोटो!" काकांना ते ऐकू गेलं. त्यांनी हार जरा सारखा केला, एवढंच. अभयला तिथं उभं राहवेना.

महिन्याभरानं काकांचा फोन आला. "अभय, डार्करूम मी मोडतोय. ज्या हातानं तिला घालवलं त्या हातानं लोकांच्या फिल्म धुवायच्या नाहीत. उद्या कुणाचं लग्न जाळेन. एन्लार्जर, ट्रे, सगळं तू ने. तुझ्याइतकं कुणी जपणार नाही. रविवारी टेम्पो घेऊन ये."

अभय हो म्हणाला! टेम्पोही ठरवला. हिराबाईंनी आनंदानं मागची बाल्कनी रिकामी करून दिली. तीन वर्षं ज्या डार्करूमसाठी तो तळमळत होता, ती घरात चालून येत होती, आणि येत होती ती याच पापाच्या पोटातून. शनिवारी संध्याकाळी तो बाल्कनीला काळा कागद लावायला स्टुलावर चढला, आणि पहिली पट्टी चिकटवल्यावर त्याचे हात जे थांबले ते थांबलेच.

तात्याराव खाली खुर्चीत बसून बघत होते. "काय रे, चक्कर आली का?"

अभय स्टुलावरून उतरला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. गेट, घड्याळ, खोकं, लाल दिवा, जिन्यावरचं काकूंचं बोलणं. सांगताना रडला. तात्यारावांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला काय सांगतोस?" ते म्हणाले. "माझा फोटो गेला का?"

एवढं बोलून ते टॉवेल घेऊन आंघोळीला गेले. आत काही धुवायचं आहे का, हे त्या दिवशी विचारलं नाही.

रविवारी टेम्पो चार वाजता यायचा होता. अभय दहालाच सदाशिव पेठेत पोचला. काका खाली बसून ट्रे जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळत होते. दोरी, कात्री, एकेका बाटलीवर चिठ्ठी. डार्करूमचं दार सताड उघडं होतं आणि आत पहिल्यांदाच दिवसाचा उजेड पडला होता.

"बस," काका म्हणाले. "एन्लार्जरची भिंगं वेगळी बांधलीत, ती मांडीवर घेऊन जा."

अभय बसला नाही. उभ्यानंच बोलला, नाहीतर बोलवलं नसतं. "काका, लाल दिवा तुम्ही लावला नव्हता. फिल्म तुमच्याकडे आली तेव्हाच गेलेली होती. त्या दिवशी सकाळी ऑफिसच्या गेटवर मी खोकं उघडू दिलं. मला उशीर होत होता. मला माहीत होतं काय होणार ते, तरी उघडू दिलं. आणि तुम्ही स्वतःला दोष देत होतात तेव्हा मी गप्प बसलो."

काकांच्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं. मग त्यांनी विचारलं ते भलतंच.

"उजेड कसला होता?"

"ट्यूबलाइट."

"पाकिटातून बाहेर काढल्या होत्या? चारही?"

"चारही. अर्धा-पाऊण मिनिट."

"मग बरोबर," काका पुटपुटले. "म्हणूनच कडेपर्यंत काळ्या होत्या. मी म्हणतोय, लाल दिव्यानं चारही सारख्या कशा जातील... म्हणजे दोरी मी ओढली नाही?"

"नाही, काका."

"नक्की?"

"नक्की. तुमचं काहीही चुकलं नव्हतं."

अभय कानफटात खायची वाट बघत होता. ती मिळाली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. पण काकांचा चेहरा उजळत चालला होता. डोळे मोठे झाले, पाठ ताठ झाली, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळत ते गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि स्वयंपाकघराकडे वळून मोठ्यानं म्हणाले,

"अगं, ऐकलंस का? मी नव्हतो! मला सगळं नीट आठवतंय, मी दिवा लाव..."

आणि थांबले.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओट्यावर एक कप उपडा घातलेला होता. काका तिकडे बघत राहिले, आणि मग सावकाश त्यांनी मान अभयकडे वळवली. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. राग असता तर अभयनं तो पायावर पडून घेतला असता.

"अभय," ते म्हणाले, "ती माझ्या काळजीत गेली रे."